‘नाहीतर आयटीआय आहेच’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना

प्रति,
मराठवाड्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक आणि दहावीचे वर्गशिक्षक

विषय: निकालानंतर आपल्या ऑफिसात वारंवार बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याबाबत

सन्माननीय गुरुजनहो,

सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे. सव्वीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, म्हणून जे स्टाफरूममध्ये बोलत आलो ते एकदा लिहून काढतो. आपल्यातले बरेच जण मला ओळखतात. शाळेची बोअरची मोटर जळाली, वर्गातले पंखे बंद पडले, गॅदरिंगच्या स्टेजचा अँगल तुटला की माझा फोन वाजतो. ‘सर, एखादा हुशार पोरगा पाठवून द्या.’ त्या वेळी पोराला दहावीला किती टक्के होते हे आजवर कुणीही विचारलेलं नाही, एवढं फक्त नमूद करतो आणि पुढं जातो.

गेल्या जूनमध्ये प्रवेशाचं माहितीपत्रक लावायला एका शाळेत गेलो होतो. ऑफिसात एक बाप बसला होता, पेरणीच्या गडबडीतून आलेला, पायाला चिखल तसाच. मुलगा दाराशी उभा. मुख्याध्यापकांनी गुणपत्रक बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बावन्न टक्क्यांत काय होणार सायन्सचं? आर्ट्सला टाका. नाहीतर आयटीआय आहेच.’ माझ्या हातात आयटीआयचीच पत्रकं होती. सरांनी मला चहा सांगितला, आपुलकीनं विचारपूस केली. बोललं ते वाईट हेतूनं नाही, हे मला कळतं. शिवाय बोलून चूक केली असंही त्यांना वाटलं नसेल, कारण हे वाक्य आपल्याकडं इतकं रुळलंय की ते आता कानाला लागतही नाही.

पोरगं ऑगस्टमध्ये माझ्याच बॅचला आलं. महिनाभरानं लक्षात आलं की ते रोज बसनं साध्या कपड्यात येतं आणि आल्यावर संडासाजवळ जाऊन वर्कशॉपचा निळा ड्रेस घालतं. जाताना परत बदलतं. विचारलं तर काही बोलेना. मग त्याच्या गावच्याच दुसऱ्या पोरानं सांगितलं, ‘सर, त्यानं गावात कॉलेजला हाय म्हणून सांगितलंय.’ हे एकट्याचं नाही. दरवर्षी दोन-चार तरी असे निघतातच. एकाच्या बहिणीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी विचारलं, मुलीचा भाऊ काय करतो? तर आई चटकन म्हणाली, ‘इंजिनिअरिंगला हाय.’ ते पोरगं मला हसत हसत सांगत होतं, पण हसणं काही खरं नव्हतं.

मंत्री येतात, अधिकारी येतात, कौशल्याच्या कार्यक्रमात भाषण होतं की विद्यार्थ्यांनी मानसिकता बदलली पाहिजे. सोळा वर्षांच्या पोराची मानसिकता म्हणजे काय असतं हो? त्याच्या शाळेनं, घरानं आणि सोयऱ्याधायऱ्यांनी त्याच्याविषयी जे म्हणलं, त्याची बेरीज. त्यातली शाळेची ओळ आपण लिहिता, म्हणून हे पत्र आपल्याला. मंत्र्यांना लिहून उपयोग नाही, त्यांच्याकडं ही पोरं वर्षातून एकदा टाळ्या वाजवायला जातात. आपल्याकडं ती दहा महिने असतात.

आता माझी खरी तक्रार. ती अपमानाची नाहीच, गणिताची आहे.

आपल्याकडं एक समजूत पक्की बसली आहे: ज्याला पुस्तक जमत नाही त्याला हत्यार जमतं. देवानं एकीकडून काढलं तर दुसरीकडून दिलं असणार, अशी काहीतरी भाबडी आशा त्यामागं असावी. सव्वीस वर्षं बघतोय, तसं काही नसतं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन आकडे लिहितो, तीन चतुर्थांश इंच आणि पाच अष्टमांश इंच, आणि विचारतो, यातला मोठा पाना कुठला? निम्मा वर्ग पाच अष्टमांश म्हणतो, कारण पाच आणि आठ हे आकडे मोठे आहेत. ही दहावी पास पोरं आहेत. आपल्या सहीची. त्यांना मी व्हर्नियर कॅलिपर शिकवायचा असतो, ज्यावर मिलिमीटरचे पन्नास भाग करून ०.०२ पर्यंत वाचायचं असतं. दशांश चिन्हाच्या पुढचं शून्य कुठं द्यायचं हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी मायक्रोमीटर कसा देऊ? शेजारच्या टर्नर ट्रेडमध्ये तर टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढायला टॅनजंट लागतो. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करायचा, लांबीच्या दुपटीनं भागायचं, मग तक्त्यात कोन बघायचा. जी त्रिकोणमिती ‘पेपरात दोनच प्रश्न येतात, सोडून दे’ म्हणून आपण सोडायला लावली, तीच तिथं लेथवर येऊन उभी राहते. ड्रॉइंग वाचायचं म्हणजे कागदावर तीन बाजूंनी काढलेली वस्तू डोक्यात उभी करायची. हे ढ पोराचं काम नाही. हे कुठल्याही पोराचं काम आहे, फक्त त्याला आधी अपूर्णांक आले पाहिजेत.

म्हणजे आपण करतो काय, तर ज्यांना शिकवायचं राहून गेलं त्यांना माझ्याकडं पाठवतो आणि वर म्हणतो, तिथं अभ्यास नसतो.

पहिले काही आठवडे आमच्याकडं फक्त कानस चालते. माइल्ड स्टीलचा एक तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. कानशींची, म्हणजे फायलींची, नावं सांगताना ‘बास्टर्ड फाइल’ आली की मागची रांग हसते. दर बॅच हसते, मीही आता त्या जागी थांबतो, त्यांना हसून घेऊ देतो. चौथ्या दिवशी कुणी हसत नाही, तळहाताला फोड आलेले असतात. बाजू सपाट झाली का हे बघायला तुकड्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, ठेवायचा आणि खिडकीच्या उजेडाकडं धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की तुकडा परत वाइसमध्ये. डावीकडून दिसला तर उजवीकडं जास्त आहे, मध्ये दिसला तर कडा जास्त. पोरं सुरुवातीला मला फसवायला बघतात, गुण्या जरा तिरका धरतात. मग एक दिवस असा येतो की पोरगं माझ्याकडं न येता स्वतःच खिडकीशी जातं, बघतं, आणि कुणी काही म्हणायच्या आत परत जाऊन घासायला लागतं. तो कपडे बदलणारा पोरगा त्या दिवसाला पोचायला दिवाळी उजाडली. हात त्याचा काही जन्मजात चांगला नव्हता, उलट जडच होता.

ही पहिली सपाट बाजू करताना पोराला जे मिळतं ते शाळेत फार थोड्यांना मिळतं. इथं गुण देणारा माणूस नसतो, उजेड असतो. त्याच्याशी वशिला चालत नाही.

जातीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि आपण मास्तर मंडळी नेमकं तेच टाळतो. एका पोराचा बाप मला म्हणाला होता, ‘सर, माझ्या बापानं आन म्या दुसऱ्याच्या दारात राबून काढली. लेकरानं खुर्चीत बसावं, एवढंच हाय. तुमी त्याला पुन्हा घणच द्यायलाव.’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही सरळ उत्तर नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हातानं काम करणं जन्मानंच आलं, त्यांना शिक्षण म्हणजे त्या कामातून सुटका वाटणार. त्याला मानसिकता खराब म्हणणं हा उद्धटपणा आहे. लोहाराचं, सुताराचं, चर्मकाराचं काम हलकं ठरलं ते कामामुळं नव्हे, करणाऱ्याला गावानं जिथं बसवलं त्यामुळं.

पण त्या बापाला मी माझं हजेरीबुक दाखवलं. एका तुकडीत वीस नावं. आडनावं वाचा म्हणालो. गावात ज्यांची घरं चार दिशांना असतात ती पोरं इथं एका बेंचवर, एका मापाची कानस घेऊन उभी असतात. लोहाराच्या घरात न जन्मलेल्याला लोखंडाला हात लावता येतो, आणि लोहाराच्या घरात जन्मलेल्याला कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड करून खुर्चीत बसता येतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते आणि तंत्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडं होती. दलित मुलांना सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवार म्हणून घ्या, ही मागणी त्यांनी त्या काळात सरकारपुढं मांडली होती. वंशाचा धंदा आणि शिकून घेतलेला धंदा यांतला फरक त्यांना स्वच्छ दिसत होता. बापानं सगळं ऐकलं, म्हणाला, ‘बघतो.’ पोराला आर्ट्सला घातलं. असो.

मुलींचं थोडक्यात सांगतो. आयटीआयत तीस टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. येतात त्या कोपाला नाहीतर शिवणकामाला, तेही आपण आणि आईबाप मिळून ठरवता. इलेक्ट्रिशियनला एखादी आली की पहिला प्रश्न, ‘खांबावर चढणार का?’ महावितरणात मुली चढतात. एवढंच उत्तर मी देतो.

आता सरकारचा वाटा. तो मी झाकणार नाही, कारण पोरं आकडे वाचतात. राज्यात आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्याला महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन होतं. चाळीस. ते अलीकडं पाचशे झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात महिन्याला बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय आणि डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. दोन वर्षं मशिनवर घालवलेला पोरगा आणि कुठलीही एक पदवी घेतलेला पोरगा, यांत जास्त कोण हे शासनानंच लिहून दिलं. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९ च्या नियमांतही तीच उतरंड आहे, शाळेपर्यंत शिकलेल्याला पाच हजारांपासून पदवीधराला नऊ हजारांपर्यंत. दुसरीकडं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ठरवलं होतं की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झालेली असेल. त्याच धोरणात आकडा आहे की देशात १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६. जर्मनीचं नाव काढलं की आमच्याकडं सगळे माना हलवतात.

पगाराचंही खरं सांगतो, कारण प्रवेशाच्या काळात आमचेच लोक फुगवून सांगतात आणि मग पोरं आम्हाला शिव्या घालतात. छत्रपती संभाजीनगरकडं वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला काम मिळतं. बिडकीनला नवे कारखाने येताहेत, जालन्याच्या रोलिंग मिल आहेत. पण पहिल्यांदा गेट उघडतो तो ठेकेदार. वर्षभर अप्रेंटिस, मग सहा-सात महिन्यांचं काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच मशिनपाशी. खोलीचं भाडं, मेस आणि येण्याजाण्याचं जाऊन घरी काय पाठवणार? कायम होणारा शंभरातला कितवा, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. माझे जे विद्यार्थी खरोखर वर आले ते बहुतेक एका कामात खोल गेलेले आहेत. कुणी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशिनवर, प्रोग्रॅमिंग शिकला, कुणी इंडो-जर्मन टूल रूममधून डाय-मोल्डचं, म्हणजे साच्यांचं, काम शिकून आला, एकानं गावातच थ्रेशर आणि पेरणी यंत्र दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि सुगीत त्याला जेवायला वेळ नसतो. दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेलेही आहेत. ही वाट आहे हे आपल्यातल्या कितीजणांनी वर्गात सांगितलं?

आमच्याकडं येणारी पोरं तरी आवडीनं ट्रेड निवडतात असं समजू नका. इलेक्ट्रिशियनच्या जागा पहिल्या फेरीत भरतात, कारण महावितरणची विद्युत सहायकाची भरती. फिटरला येतात ते रेल्वेच्या आशेनं. वेल्डरच्या जागा शेवटपर्यंत लोंबकळतात, आणि चांगला वेल्डर शोधत उद्योजक माझ्या दारात येतात. आयटीआयसुद्धा इथं भरतीचं एक दार झालंय.

माझा एक जुना विद्यार्थी वाळूजला चांगल्या कामाला लागला होता, टूल रूममध्ये. दीड वर्षानं सोडून आला. घरच्यांचं म्हणणं, लग्नाला सरकारी पाहिजे. मग पोलिस भरतीचं ग्राउंड, मग अभ्यासिका, मग तलाठी. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. खुल्या वर्गाची फी हजार रुपये. त्यातला एक अर्ज त्याचा. मागच्या हिवाळ्यात तो प्रमाणपत्राची दुसरी प्रत मागायला आला. वय एकोणतीस. बसला, पाणी प्याला, वर्कशॉपमध्ये चक्कर मारली. एका पोराच्या हातातली कानस घेऊन दोन-तीन हात मारले आणि परत दिली. ‘सर, हात ऱ्हायला नाही,’ म्हणाला. त्याच्या वर्गशिक्षकांना मी ओळखतो; ते आजही अभिमानानं सांगतात की आमच्या शाळेची इतकी पोरं एमपीएससी करताहेत.

लातूर पॅटर्नबद्दल माझं काही वाकडं नाही. त्या शहरानं मराठवाड्याच्या पोरांना मेडिकलची दारं उघडून दिली हे मान्यच आहे. पण त्याच लातूरला हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. ट्यूशनला जाणाऱ्या हजारो पोरांपैकी कितीजणांना त्या कारखान्यात काय चालतं याचं नुसतं कुतूहल वाटतं? नीटला बसलेल्यांतले बहुतेक डॉक्टर होत नाहीत. मग ते काय होतात, हे कुणी मोजत नाही.

आता विनंती, आणि ती छोटी आहे.

एक तर ते ‘नाहीतर’ काढा. आयटीआयचं नाव घ्यायचंच नसेल तर घेऊ नका, पण धमकी म्हणून घेऊ नका. ‘अभ्यास नाही केलास तर पाने फिरवत बसशील’ हे वाक्य नववीच्या वर्गात ज्या दिवशी म्हणलं जातं, त्या दिवशी त्या वर्गात गॅरेजवाल्याचं पोरगंही बसलेलं असतं.

दुसरं, येत्या जानेवारीत नववीचा अख्खा वर्ग एक दिवस आमच्या वर्कशॉपला आणा. अख्खा म्हणजे अख्खा. मागच्या वेळी एका शाळेनं ‘आयटीआयला जाऊ शकतील अशी’ चौदा पोरं निवडून आणली होती, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. पहिल्या नंबरची मुलगी आणा, डॉक्टरचं पोरगं आणा, पाटलाचं आणा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना काढायचे आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं शिकायचे आहेत. ते कागदावर भरून टाकण्याऐवजी त्यातलाही एखादा आमच्याकडं काढा. प्राचार्यांशी मी बोललो आहे, त्यांची ना नाही. आम्ही भाषण करणार नाही. प्रत्येकाच्या हातात अर्धा तास कानस देऊ आणि गुण्या देऊ. ज्याला नाद लागेल त्याचं नाव मी कुणाला न सांगता आपल्याला सांगेन. नाही लागला तरी काही बिघडत नाही, आमच्या मशिनी कुणाला ओढून घेत नाहीत.

आणि हो, आठवी-नववीत अपूर्णांक पक्के करून घ्या. ते पोरगं पुढं डॉक्टर झालं काय, वेल्डर झालं काय.

आपला,
एक फिटर निदेशक, जि. परभणी

ता. क.: येताना पोरांना बूट घालून आणा, चपलेत आत सोडता येत नाही. मुलींच्या ओढण्या आणि मोकळे केस बांधलेले असावेत, मुलांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आमच्याकडं कॅन्टीन नाही, डबे लागतील. सकाळी दहाच्या आत पोचलात तर खिडकीतून उजेड चांगला येतो.